आजोबांचा आठवा वाटा

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ असतील, आणि अक्षर तर कोंबडीच्या पायांचं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर वाणसामानाच्या यादीखेरीज हातात पेन फारसं आलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं. ते गेले तेव्हा इथल्या पेपरात चार ओळी आल्या. लेकीने त्या वाचून दाखवल्या. त्यात त्यांची उंची होती, ते जुन्या काळी पैसे घेऊन बास्केटबॉल खेळायचे एवढं होतं, आणि झालं. मला फार राग आला. एवढ्या मोठ्या शिकागोत एवढा लांब, एवढा हट्टी आणि दिलेल्या शब्दाला एवढा चिकटून बसलेला दुसरा माणूस झाला नाही आणि होणार नाही, आणि छापलं काय, तर उंची. उंची तर आम्हाला दिसतच होती.

नातं म्हणाल तर ते आमचे घरमालक. डेव्हन म्हणजे इथला आपल्या लोकांच्या दुकानांचा रस्ता, त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं, खाली ते एकटे आणि वर आम्ही तिघं. आमचे हे डेव्हनवर किराणा दुकानात कामाला, मी घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची, आणि लेक पल्लवी शाळेत. पल्लवी लहान असताना त्यांना आजोबा म्हणायला लागली, तर त्यांना वाटलं हा कप्तान किंवा डॉक्टर असा काही हुद्दा असावा. मग बसस्टॉपवर कुणी आपल्याकडचं दिसलं की ते हात पुढे करून गंभीरपणे म्हणायचे, "आय ॲम आजोबा." नवीन आलेली पोरं घाबरून पायाच पडायची. पुढे पल्लवीने अर्थ समजावून सांगितला तेव्हा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे हुद्दाच आहे की." त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत असायचं, पण ते माझ्यासाठी सावकाश बोलायचे आणि वर्षानुवर्षं ऐकून मला कळायला लागलं होतं. मी इथे ते माझ्या मराठीत लिहिते.

नव्वदी उलटली तरी माणूस जिन्याच्या कठड्यासारखा सरळ. दार कितीही उंच असो, आत येताना मान खाली घालणारच, कारण तरुणपणी इतक्या ठिकाणी कपाळ फुटलं होतं की मानेला सवयच लागून गेली. आमच्या गल्लीत कुणाकडे शिडी नव्हती, लागायचीच नाही. साडीच्या दुकानावर दिवाळीच्या माळा लावायच्या असोत की मिठाईवाल्याचा दिवा बदलायचा असो, आजोबांना हाक. त्यांना चढायला खुर्ची दिली की अपमान वाटायचा. पण ह्यांच्या दुकानात त्यांचा त्रासही तेवढाच. भाजी टोपलीत ठेवणं त्यांना माहीतच नव्हतं. पाय जमिनीला चिकटवून, दोन्ही हात छातीशी धरून, कोबीचा गड्डा दोन रांगांपलीकडून माझ्या सामानाच्या ढकलगाडीत. कांदे, दुधी, कोथिंबिरीची जुडी, सगळं असंच हवेतून यायचं, आणि कधी चुकलं नाही हे खरं असलं तरी मधे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला ते कसं कळणार. आमचे हे घरी येऊन म्हणायचे, "तुझे आजोबा आत शिरले की शेठ आधी नारळ उचलून ठेवतो." मी म्हणायची, "अहो, त्यांनी नारळ कधी टाकलेत?" तर म्हणायचे, "टाकले नाहीत. पण परवा हातात घेऊन वजन बघत होते."

उडी मारून चेंडू टाकणारे त्यांना अजिबात आवडत नसत. टीव्हीवर सामना लावायचे, आवाज बंद करायचे, आणि कुणी उडी मारली की तोंड वाकडं करायचे. "उडी मारायची म्हणजे जमिनीवर विश्वास नाही," असं त्यांचं म्हणणं. आताच्या खेळाडूंना केवढाले पैसे मिळतात त्याबद्दल मात्र एका शब्दाने कुरकुर नाही. "मिळू देत. आमच्या संघाच्या मॅनेजरकडून मिळायचे राहिलेत ते बहुतेक हेच."

त्यांचा काळ वेगळाच होता. मोठाली स्टेडियमं नव्हती. नाचाच्या हॉलमध्ये सामना व्हायचा, तो संपला की खुर्च्या सरकवून त्याच जमिनीवर लोक नाचायचे. जमिनीला मेण लावलेलं, त्यामुळे धावणारा थांबायचा तो भिंतीला टेकूनच. कोपऱ्यात कोळशाची शेगडी असे. आजोबांच्या पोटरीवर त्या शेगडीचा डाग होता. तो ते पल्लवीच्या मैत्रिणींना दाखवायचे, आणि जखम कुठल्या गावाने दिली तेही सांगायचे. सात खेळाडू आणि आठवा ड्रायव्हर, एकाच लांब गाडीत. आजोबांचे गुडघे कानाशी. झोप अनावर झाली की खिडकीतून पाय बाहेर काढायचे. एकदा जागे झाले तर मोज्यांवर बर्फ साचलेला. बनियन रोज रात्री मोरीत धुवायचे आणि चालत्या गाडीच्या खिडकीला बांधायचे. पुढच्या गावी पोचेपर्यंत ते पाटीसारखं कडक होई आणि घालताना मोडायची भीती वाटे. हे सांगताना ते इतके खुलायचे, जणू ऐश्वर्यच भोगलं होतं.

त्या सोबत्यांनी त्यांना एक सवय लावली, ती मरेपर्यंत सुटली नाही. सामन्याचे पैसे आले की खाटेवर टॉवेल पसरायचा आणि त्यावर आठ सारखे ढीग करायचे. ज्याने सगळ्यात जास्त गोल केले त्याचाही तेवढाच आणि ड्रायव्हरचाही तेवढाच. पुढे आजोबांनी आयुष्यभर जे काही हाती आलं त्याचे आठ वाटे केले. मी बेसनाचे लाडू पाठवले की ते स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल पसरत, आठ ढीग करत, उरलेल्या लाडवाचे सुरीने आठ तुकडे करत, आणि मग एकेक वाटा घेऊन गल्लीत निघत. पोस्टमनला एक, न्हाव्याला एक, समोरच्या आजारी बाईला एक. एकदा मी पुरणपोळ्या दिल्या, मोजल्या नव्हत्या, तर दहा मिनिटांनी जिना चढून वर आले. ताटली पुढे धरली आणि म्हणाले, "सात आहेत." मी म्हटलं, "तुम्ही एकटे खा ना आजोबा." तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चोरी करायला सांगितली.

इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला मी त्यांना एकदा घेऊन गेले होते. तिकडे कंपन्यांतली आपली मुलं बास्केटबॉल खेळत होती. आजोबांनी बाकावर बसल्या बसल्या चेंडू मागितला. दोन्ही हातांनी छातीपासून टाकायची त्यांची पद्धत पाहून एक जण हसून म्हणाला, "यार, हे तर आमटीचं पातेलं उचलल्यासारखं करतायत." आजोबा उठले, मैदानाच्या मध्यापर्यंत गेले आणि तिथून पातेलं उचलल्यासारखाच चेंडू टाकला. तो जाळीतून असा गेला की जाळीला कळलं नसेल. परत दिला, परत गेला. तिसऱ्यांदा मुलं स्वतःच चेंडू आणून द्यायला लागली. तो हसणारा मुलगा विचारू लागला, हे कोण, हे कोण. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, बोलायची वेळ आली की ह्यांच्या मागे उभी राहते. त्या दिवशी मात्र मीच पुढे होऊन सांगितलं, "हे आमचे आजोबा आहेत." आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट सत्तर वर्षं अडून बसली होती. ती म्हणजे एका खानावळवाल्या बाईचे पैसे.

झालं असं होतं. त्यांच्या संघाचा शेवटचा सामना इंडियानातल्या एका लहान गावात होता. जिंकले तर मोठं बक्षीस. शेवटच्या क्षणी एका गोलाचं अंतर, आजोबा जाळीखाली एकटे, हात वर करून उभे, आणि चेंडू होता कंगव्याकडे. कंगवा हे त्या खेळाडूचं टोपणनाव. तो मोज्यात कंगवा ठेवायचा आणि सामना चालू असतानाही भांग पाडायचा. कंगव्याने चेंडू आजोबांना न देता स्वतः टाकला. तो बाहेर गेला. संघ हरला आणि त्याच रात्री मॅनेजर तिकिटांचे पैसे घेऊन पळाला. त्यात बर्फ पडून रस्ते बंद. तीन आठवडे ही आठ माणसं एका विधवा बाईच्या खानावळीत अडकली. तिने एकाला उपाशी ठेवलं नाही. खोलीचे पैसे नकोत, अंगणातला बर्फ काढा म्हणाली. बटाटे शेतातले होते, तेही माफ केले. पण अंडी विकून तिचं घर चालायचं, आणि ती अंडी हे आठ जण रोज खात होते. निघताना आजोबांनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला की आठही जणांचा वाटा तुला मिळेल. शब्द त्यांनीच का दिला, असं मी विचारलं होतं. "मी सगळ्यात पुढे उभा होतो," म्हणाले.

मग आजोबा शिकागोला आले, दुधाची गाडी चालवायला लागले, आणि वर्षाच्या आत आपला वाटा पोचवला. चौघांना सारखी आठवण करून देऊन त्यांचे वाटे पाठवायला लावले. एक जण आणि ड्रायव्हर लवकर वारले, त्यांचे वाटे आजोबांनी स्वतः भरले आणि त्यांच्या बायकांना कळूही दिलं नाही. राहिला कंगवा. त्याचे पैसे ते भरायला तयार नव्हते. कंगव्याने चेंडू दिला असता तर जिंकलो असतो, जिंकलो असतो तर मॅनेजर पळाला नसता, असा त्यांचा हिशेब. कंगवा तिकडे सांता क्लाराला जाऊन राहिला होता. दर नाताळात त्याचा फोन यायचा. जिन्यात आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"पैसे पाठवलेस?"

तिकडून काहीतरी.

"मी हात वर केले होते."

पुन्हा तिकडून काहीतरी.

"दोन्ही. दोन्ही हात वर केले होते."

मग फोन आपटल्याचा आवाज. कंगव्याचं म्हणणं असं की आजोबांनी हात वर केलेच नव्हते, आधी ते कबूल कर, मग पैसे पाठवतो. पल्लवी म्हणायची, "आई, दे आर सो स्टबर्न." आणि आमचे हे म्हणायचे, "नाताळ आला वाटतं."

एका नाताळात फोन कंगव्याच्या मुलीचा आला. वडील शरद ऋतूतच गेले, म्हणाली. आजोबांनी त्या दिवशी फोन आपटला नाही. मी संध्याकाळी आमटीभात घेऊन खाली गेले तर टीव्ही बंद होता. म्हणाले, "आता त्याचा वाटा कधीच येणार नाही. मी त्या बाईला आठांचा शब्द दिला होता." बाई केव्हाच वारली होती, पण तिची नात त्याच घरात राहत होती, आजोबा तिला वर्षाला एक कार्ड पाठवायचे. मी म्हटलं, "मग तुम्हीच द्या." ते म्हणाले, "मी का? चूक त्याची." मला त्यांच्यापुढे बोलायचा धीर नव्हता, पण ताट ठेवता ठेवता बोलून गेले, "आजोबा, भांडण तुमचं त्याच्याशी. पैसे त्या बाईचे."

त्यांनी ताट पुढे ओढलं. नंतर आठ दिवस वर आले नाहीत, लाडू पाठवले तर ते घेतले पण टॉवेल पसरला की नाही कळलं नाही. मी ह्यांना म्हटलं, "मी जास्त बोलले का हो?" हे म्हणाले, "बोललीस एकदाच, पण सत्तर वर्षांचं एकदम बोललीस."

नवव्या दिवशी मी कणीक मळत होते, तर आजोबा पेन्सिल घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी गुडघे बाजूला काढून बसले. त्यांनी आमच्या दुकानातला अंड्यांचा भाव विचारला. त्यांचा नियम असा होता की वाटा देताना त्या दिवशीचा अंड्याचा भाव धरायचा. "डॉलरचं काय, तो बदलतो. अंडं बदलत नाही." मग कागदावर लिहू लागले: रोज तीन अंडी, तीन आठवडे. मी अंडं खात नाही, पण पंधरा वर्षं माणसांना जेवायला वाढते आहे. सहज विचारलं, "सगळे तीन तीन खायचे? माणसं कधी सारखी जेवत नाहीत."

आजोबांची पेन्सिल थांबली.  मग म्हणाले, "कंगवा एक खायचा."

"आणि दोन?"

"माझ्या ताटात सरकवायचा."

मी कणीक मळायची थांबले. ते कागदाकडे बघत सांगायला लागले. त्यांना भूक सगळ्यांपेक्षा जास्त लागायची, एवढं शरीर, त्यात दिवसभर बर्फ उपसायचा. पण वाटे सारखे असा नियम, आणि तो नियम मोडा म्हणायची लाज वाटायची. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कंगवा शेजारी बसायचा. बाईने तीन अंडी वाढली की दोन आजोबांच्या ताटात टाकायचा आणि म्हणायचा, अंड्यांनी केस गळतात, तूच खा, तुझ्या केसांचं तसंही काही खरं नाही.

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?" मी विचारलं.

"सत्तर वर्षं," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचे हात फार मोठे होते, चेंडू एका हातात मावायचा, ते दोन्ही हात त्यांनी तोंडावर घेतले. मी पाठ करून पोळ्या लाटत राहिले.  तीन पोळ्या झाल्यावर मागून आवाज आला, "हात मी वर केले होते, हे मात्र खरं आहे." मी म्हटलं, "असणारच." "पण त्याला दिसले नसतील. शेगडीचा धूर फार होता." आणि एवढं बोलून ते कागद घडी करून खाली गेले.

ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही इंडियानाला निघालो. आजोबांच्या पायांसाठी पुढची सीट मागे सरकवून सरकवून शेवटी माझ्या मांडीवरच आली. वाटेत दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. आजोबांनी कोट घातला होता, टाय लावला होता. रस्ताभर ते कंगव्याबद्दलच बोलत होते, आणि मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहून पहिल्यांदाच ऐकत होते की त्याचा हात किती गोड होता, डोळे मिटून टाकायचा तरी जायचा, एका गावात तर म्हणे लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. "आमच्यात सगळ्यात चांगला तोच," म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो तर मीही कुणाला चेंडू दिला नसता." आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

घर लहान, पांढरं, मागे कोंबड्यांचं खुराडं. नात साठीच्या पुढची, रबरी बूट घातलेली, हात पुसत बाहेर आली. तिने आजोबांना कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या आजीने सांगून ठेवलं होतं म्हणे, की वाकून आत येईल तोच तो. स्वयंपाकघरात एक लांब टेबल होतं. आजोबा त्याच्या एका टोकाला गेले, बसले, आणि शेजारची खुर्ची ओढून रिकामी ठेवली. तिने विचारलं, "खायला काय देऊ?" ते म्हणाले, "एक अंडं. एकच."

तिने अंडं तळून दिलं, आम्हाला कॉफी दिली. आजोबांनी ते सावकाश खाल्लं, ताटली बाजूला केली, कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि नोटा तिच्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांनी कशाला, आजी असती तर तिनेही नको म्हटलं असतं." आजोबा म्हणाले, "मोजा." ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून मोजायला लागली.  मोजून झाल्यावर तिने विचारलं, "हा शेवटचा ना? कुणाचा वाटा आहे हा?"

आजोबांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी कंगव्याचं खरं नाव घेतलं, पूर्ण नाव, जे आम्ही आजवर ऐकलं नव्हतं, आणि म्हणाले, "त्याचा आणि माझा. दोघांचा."

तिने नोटा सारख्या केल्या, चुलीवरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यात ठेवल्या आणि झाकण दाबून बसवलं. "पूर्ण आहेत," ती म्हणाली. "आता कुणाकडे काही राहिलं नाही."